मावशीच्या साठ बिया

बाळंतिणीच्या खोलीत शिरलं की माणसं आधी बाळाकडं बघतात. मावशी आधी हात पुढं करायची. तेलानं चकाकणारा उजवा तळहात, प्रसाद घ्यायला धरावा तसा. घरची सासू पदर सावरत समोर आली की मावशी एकच शब्द विचारायची, "बिया?"

खारकेच्या बिया. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करताना खारका फोडतात, त्यातल्या. त्या हातात पडल्या की ती पदराच्या टोकाला गाठ मारून कनवटीला खोचायची आणि मग म्हणायची, "हां, आता बगू द्या आमचा पाव्हना." बिया नाहीत तर बाळाची अंघोळ नाही. बाळ रडून रडून निळं होवो, मावशी भिंतीला टेकून शांत बसायची. "माझा कुठं वकूत चाललाय," म्हणायची.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी त्या भागात कृषी सहायक म्हणून लागलो. घर बारामतीजवळ जळोचीला आणि नोकरी इंदापूर तालुक्यात, म्हणून शेळगावच्या पुढच्या एका वस्तीवर खोली घेतली. माझ्या खोलीची आणि मावशीच्या घराची भिंत एकच होती. तिचं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझं घोरणं तिला. "सायेब, राती तुमचा पंप लई जोरात चालू व्हता," असं ती चारचौघांत सांगायची.

तेव्हा बाळंतपणं इंदापूरला नाहीतर बारामतीला दवाखान्यात व्हायला लागली होती. पण दवाखान्यातून घरी आलेली बाळंतीण आणि तिचं बाळ सव्वा महिना मावशीच्याच ताब्यात असायचं. न्हाऊ-माखू, शेक, धुरी सगळं तिच्याकडं. तिचं नाव काय, हे मी तिथं इतकी वर्षं राहूनही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. रेशनकार्डावर असेल.

तिची आणखी एक ख्याती होती. पोट बघून ती पोरगा की पोरगी ते सांगायची आणि म्हणे एकदाही चुकली नव्हती. मी विज्ञानाचा पदवीधर, मला हे सहन होईना. वर्षभर कान देऊन ऐकलं तेव्हा कुठं गोम सापडली. ती सासूला सांगायची, "पोरगा हाय, सुनेला नीट खाऊ घाला." आणि सुनेला न्हाणीत गाठून हळूच सांगायची, "पोरगी हाय बाय, मन घट्ट कर." पोरगा झाला की सासू गावभर सांगे, मावशी म्हणालीच होती. पोरगी झाली की सून माहेरी जाऊन तेच सांगे. आणि आपापसात ताडून बघण्याइतकं बोलणं सासूसुनेत असतं का, तुम्हीच सांगा.

तर बिया. मावशी खजुराची बाग लावणार, असं सगळ्या वाड्यावस्त्यांना ठाऊक होतं. "पयला घोस तुमचाच," असं तिनं प्रत्येक घरात सांगून ठेवलेलं. पहिल्या घोसाचे निदान ऐंशी मालक तिनं करून ठेवले होते. बाग कुठं आहे असं कुणी विचारलं तर म्हणायची, "खजराला लई वर्सं लागत्यात. घाई व्हती तर मेथी लावायची."

आणि इथं मी माती खाल्ली.

देवळापुढं शेतकऱ्यांची सभा होती. डिसेंबरचा शेवट, उजनीच्या पाण्यावरनं येणारा गारठा, लोक घोंगडी पांघरून बसलेले. मी ठिबकवर बोलत होतो आणि निम्मे झोपले होते. तेवढ्यात गिरणीवाल्या काकींनी विचारलं, "सायेब, खारकेच्या बिया उगवत्यात का वं?" वस्तीवरची पिठाची गिरणी यांची, म्हणून गिरणीवाल्या. पैशाअडक्यानं बऱ्या, हाताला घट्ट. कुणीतरी काही विचारतंय याचाच मला इतका आनंद झाला की मी दहा मिनिटं बोललो. खारीक म्हणजे कच्चा खजूर उकडून वाळवतात, उकडलं की बी मरतं, मेलेलं बी उगवत नाही. सभा जागी झाली. मला वाटलं, आज आपण जिंकलं.

सकाळी दार उघडलं तर मावशी उंबऱ्यावर बसलेली.

"सायेब, काल तुमी काय सांगितलं?"

"खारकेचं बी उगवत नाही म्हणून."

"हे तुमाला कुनी इचारलं व्हतं?"

"काकींनी विचारलं."

"इचारलं म्हून खरं सांगायचं आस्तं व्हय?"

मग तिनं मला सांगितलं. इतकी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता मी तुम्हाला सांगतोय, कारण आता हरकत घ्यायला ती नाही.

"पोरगा झाला की खारीक किलोनं येती," ती म्हणाली. "पोरगी झाली की सासू म्हनती, खारीक उष्न पडती, औंदा गूळ-खोबऱ्यावर भागवू. दुसरी पोरगी झाली की ते बी न्हाय, नुसती पेज. कळा त्याच, हाडं तीच खिळखिळी झाल्याली. मी सासूला बोलाय गेले तर म्हनंल, न्हाऊ घालाय आलीस, घाल आन जा. म्हून मी बिया मागते. साठ बिया म्हंजी आर्धा किलो खारीक घरात आली. सुनंसाठी आनायला जीव जातो, पर खजराचा घोस मिळनार म्हनलं की आनत्यात."

"आणि इतक्या वर्षांच्या बियांचं केलंस काय?"

"वड्यात टाकल्या. मला काय करायच्यात?"

मी खाटेवर बसलो. मावशीनं पुढचं सांगितलं, ते आणखी वाईट होतं. काकींच्या थोरल्या सुनेला त्याच आठवड्यात दुसरी मुलगी झाली होती. पहाटे मावशीनं हात पुढं केला तर काकी म्हणाल्या, "सायबानं सांगितलंय, उगवत न्हाईत. मग बिया कशाला आन खारीक तरी कशाला?" हे एका घरी झालं होतं. आठवड्यात दहा घरी झालं असतं. माझ्या दहा मिनिटांच्या शहाणपणानं तिनं वर्षानुवर्षं चालवलेली गोष्ट मोडली होती, आणि मला खरोखर लाज वाटली.

"आता काय करू?"

"खोटं बोला," ती म्हणाली. "पगार घेता न्हवं?"

खोटं बोलायला मला जमलं नसतं. पण दिवसभर विचार करून एक वाक्य सापडलं, जे पूर्ण खरं होतं. संध्याकाळी दळणाचं निमित्त करून गिरणीवर गेलो आणि काकींना म्हणालो, "काल एक सांगायचं राहिलं. सगळ्याच खारका उकडलेल्या नसतात. काही नुसत्या उन्हात वाळवतात. त्या उगवू शकतात."

"कंच्या, ते कसं वळखायचं?"

"ओळखता येत नाही. म्हणून जास्त लावाव्या लागतात."

काकींनी पिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि सोडला नाही. "बरं. खारीक आनते मी उद्या. पर पाडव्यापत्तूर मला कोंब दावायचा. न्हाय दावला तर तुमी दोगं मिळून फसवताय म्हून गावभर सांगीन."

झालं. पौषातली थंडी, आणि खजुराचं बी म्हणजे ऊब मिळाल्याशिवाय डोळा न उघडणारं. खारकेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. मी रविवारी बारामतीला मंडईत गेलो. थंडीत तिथं खजुराचे ढीग लागतात, आणि खजूर काही उकडत नाहीत. एका दुकानापुढं गिऱ्हाइकं चाखून बिया थुंकत होती आणि मी, शासनाचा नोकर, त्या वेचून रुमालात बांधत होतो. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी तो म्हणाला, "साहेब, पावशेर असाच घेऊन जा, पण हे बंद करा."

बिया भिजवल्या, वाळूत घातल्या, डबा उन्हात ठेवला. पंधरा दिवस काही नाही. रात्रीच्या गारठ्यात वाळू अशी थंड पडायची की हात घालवत नव्हता. मावशी रोज डब्यात डोकावून माझ्याकडं बघायची, जणू मीच उगवत नव्हतो. एके दिवशी ती बिया घेऊन गेली. मी तिच्या परसात जाऊन बघतो तर टोपलीत खुडूक कोंबडी बसलेली आणि तिच्या पोटाखाली ओल्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, अंड्याएवढ्या चार पुरचुंड्या.

"त्यात एक खरं अंडं बी हाय," मावशी म्हणाली. "एक खरं आसलं की ती बाकीच्यांचं इचारत न्हाय."

मला गिरणीवरचं माझं वाक्य आठवलं. पण ती कोंबडीकडंच बघत होती.

मी रोज जाऊन पुरचुंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचो आणि कोंबडी माझा हात फोडायची. दैनंदिनीत काहीतरी लिहावं लागतं, म्हणून लिहिलं, 'खजूर बीज उगवण प्रयोग. उष्णतेचे साधन स्थानिक.' बारामतीच्या साहेबांनी विचारलं, स्थानिक म्हणजे काय? मी म्हणालो, घरगुती. हातावरच्या पट्ट्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही.

एकविसाव्या दिवशी पिल्लू निघालं आणि कोंबडी त्याला घेऊन गेली. मावशीनं दुसरी खुडूक कोंबडी उसनी आणली. बारामतीतही मिळाली नसती अशी सोय तिनं चार घरं फिरून केली. होळीच्या सुमारास तिनं फडकं सोडलं तर सात बियांच्या पोटावर पांढरं टोक आलं होतं, बाळाचा पहिला दात दिसावा एवढं. मावशीनं बोट लावून बघितलं. लबाडीसाठी सुरू केलेलं काम होतं हो ते. पण त्या दिवशी ती मला म्हणाली, "आयला, खरंच जित्या हायती," आणि पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." चूल पेटलेली नव्हती.

पाडव्याला सात पत्र्याचे डबे गिरणीपुढं मांडले. पहाटे अजून गार होतं, म्हणून प्रत्येक डब्यावर तिनं बाळाची जुनी कुंची घातली होती. काकींनी एक कुंची उचलली. आत एकच हिरवं पातं, बोटभर.

"हे तर गवात हाय," काकी म्हणाल्या.

"तुमचा थोरला जन्मला तवा तरी कुठं मानसावानी दिसत व्हता?" मावशी म्हणाली.

त्यानंतर बियांवर कुणी शंका घेतली नाही. उलट मावशीनं नियम कडक केला. "साठाच्या खाली एक बी उगवत न्हाय. सायबांना इचारा." मला विचारत. मी म्हणायचो, "जास्त लावलेल्या बऱ्या." तेही खरंच होतं.

सातांतली तीन रोपं शेळीनं खाल्ली आणि दोन पावसाळ्यात कुजली. दोन राहिली, एक मावशीच्या दारात, एक माझ्या दारात. न्हाणीच्या पाण्यावर ती पाच-सहा वर्षांत छातीच्या वर गेली. प्रत्येक थंडीत मावशी शेंड्याला पोतं बांधायची आणि खाली शेगडीची राख पसरायची. ओव्याची धुरी द्यायची मी बंद करायला लावली, तर माझ्या माघारी देत होती.

माझ्या दारातलं झाड पहिल्यांदा फुललं. माघातली सकाळ होती, फुलोऱ्याची तपकिरी पोय उकलली आणि आतून पांढरा भुगा उडाला. गाव गोळा झालं. पहिल्या घोसाचे सगळे मालक आले. मी पुस्तिका उघडून खात्री केली आणि सांगितलं, "नर आहे. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ धरत नाही."

सगळ्यांची तोंडं उतरली. काकींचं तर एवढंसं झालं.

"आता?" मावशी म्हणाली. "पोरगा झालाय की. तोंडं का उतरली? पेढं कोन वाटतंय?"

सुना पदराआड हसायला लागल्या. एक हसली, मग सगळ्याच. काकीही ओठ दाबून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून सगळ्या वस्त्यांवरच्या सासवा मावशीच्या दारातलं झाड पोरगी निघावी म्हणून वाट बघायला लागल्या. काकी दर आठवड्याला येऊन शेंडा बघत. त्यांनी मारुतीला नारळ बोलला, पोरगी होऊ दे म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या असतील. मावशी हे सांगताना इतकी हसायची की तिला खोकला यायचा.

मी तिला एकदा विचारलं, "तुझं झाड काय निघेल?"

तिनं खोडावर हात ठेवला, पोट तपासल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हे बी पोरगंच हाय, सायेब. कुनाला बोलू नका."

तो खोकला पुढं राहिला. रोपांना पोती बांधणारी ही बाई स्वतः पहाटे चारला गार पाण्यानं अंघोळ करून घरोघर जायची. त्या वर्षी दिवाळीनंतर गारठा लवकर पडला आणि तिच्या छातीत कफ धरला. मी इंदापूरला दवाखान्यात न्यायला गाडी आणली तर म्हणाली, "वरच्या वस्तीला एक बाळंतीन हाय, तिच्या बिया यायच्यात अजून. तेवढ्या घ्या." चार दिवसांनी ती गेली. तिला माती द्यायला आलेल्या माणसांत निम्म्यांची पहिली अंघोळ तिच्या हातची होती. मला तिची आठवण येते. भिंतीपलीकडं आवाज नाही म्हणून कित्येक दिवस झोप लागली नाही, आणि घोरत असलो तरी सांगणारं कुणी नव्हतं.

माघात तिच्या दारातलं झाड फुललं. मी एकटाच उभा राहून पोय उकलली. आत भुगा नव्हता, पिवळट मणी होते. मी माझ्या झाडाचा तुरा तोडून आणला, त्या मण्यांवर झटकला आणि त्यांच्यात बांधून ठेवला. हे करताना मागं कुणीतरी आल्यासारखं वाटलं. काकी होत्या.

"काय हाय?"

"पोरगी."

"मावशी म्हनलीच व्हती," काकी म्हणाल्या. "माझ्या कानात सांगून गेली, काकी, हे झाड पोरगी हाय."

तिनं माझ्या कानात काय सांगितलं होतं, ते मी काकींना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकींनी इंदापूरहून बर्फी आणली आणि घरोघर वाटली. पोरगा झाला की पेढे, पोरगी झाली की बर्फी. दोन नातींच्या वेळी त्यांच्या घरातून साखरेचा दाणा बाहेर आला नव्हता. मला दोन तुकडे दिले. मी खाल्ले, चांगली होती बर्फी.

मावशी नव्हती तरी बिया येत राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण बाळंतपण झालं की घरचं कुणीतरी पिशवी आणून तिच्या दारातल्या झाडाला अडकवायचं. घोस सगळ्यांना दिसत होता, रोज जरा पिवळा होत होता. मी येता-जाता पिशवी रिकामी करायचो. मोजायचं काही माझं काम नव्हतं. पण मोजायचो. साठ, बासष्ट, एकदा सत्तर.

जूनमध्ये काकींच्या धाकट्या सुनेला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरतीवरून आलो तर झाडाला पिशवी होती. मी उंबऱ्यावर बसून बिया मोजल्या. त्रेचाळीस. परत मोजल्या. त्रेचाळीसच.

अजून उजेड होता. मी सायकल वळवली आणि गिरणीवर गेलो. काकींनी दार उघडलं, म्हणाल्या, "या सायेब, दळन हाय का?" आतून बाळाचं रडणं येत होतं.

मी त्रेचाळीस बियांची पिशवी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली आणि उजवा हात पुढं केला. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून मावशी बोलायची तेच बोललो. "बिया?"

काकी पिशवीकडं बघत राहिल्या, मग माझ्या हाताकडं. त्या आत वळल्या आणि धाकट्या लेकाला म्हणाल्या, "जा रं, दुकान उघडं हाय का बग. खारीक आन."

मी ओट्यावर बसलो. खारीक घरात येईपर्यंत उठायचं नव्हतं.